मोहाखालची कानडी

आमचं दुकान म्हणजे घराची पडवी. एका अंगाला मिठाची गोणी, तिच्याशेजारी तेलाचा डबा, वर दोरीला शाम्पूच्या पुड्यांच्या माळा आणि आत कोपऱ्यात सुकटीचं टोपलं. त्या टोपल्यामुळे दुकानाला पाटी लावायची गरज कधी पडली नाही. वाट चुकलेला माणूससुद्धा वासावरून बरोबर दारात येतो. आमचा पाडा मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याहून पुढे, डोंगराच्या अंगावर.

मी माहेरची जव्हारची. लग्न होऊन आले तेव्हा शहाण्या मुलीसारखी सासूला म्हणायचे, "अहो आई, तुम्ही बसा, मी करते." सासू मागे वळून बघायची. पाठीमागे आणखी कोण येऊन उभं राहिलंय ते तिला दिसायचं नाही. एकदा तिने विचारलंच, "बाय, तू कोणाकोणाशी बोलतेस? घरात तर मी एकटीच हाये." तेव्हापासून मी तिला 'तू' म्हणते आणि आमचं बरं चाललंय. ही गोष्ट तिचीच आहे.

सासू शाळेत गेलेली नाही. भात, नागली, मोह, गुरं यांत तिचं सगळं आयुष्य गेलं. पण दोन गोष्टी तिच्याकडे अशा आहेत की ज्या आमच्या घरात दुसऱ्या कुणाकडे नाहीत. एक म्हणजे आवाज. समोरच्या उतारावर कुणी गुरं चारत असेल तर ती पडवीत बसल्या बसल्या त्याला हाक मारते, आणि तो तिथून ओ देतो. दुसरी म्हणजे कान. एकदा ऐकलेलं ती सहसा विसरत नाही. लग्नातली गाणी ती अशी म्हणते की मध्ये शब्द अडला म्हणून थांबली, असं मी कधी पाहिलं नाही.

तर, स्कॅनरचं असं झालं.

आमच्याकडची पुष्कळ पोरं-पोरी भिवंडीच्या गोदामात कामाला असतात. सणाला घरी आली की त्यांच्याकडे नवे कपडे असतात, नवा फोन असतो, आणि खिशात रोख असं काही नसतं. दुकानात येतात, साबण घेतात, बिस्किटं घेतात आणि मग विचारतात, "काकी, स्कॅनर हाय ना?"

"नाय."

"मग ऱ्हाऊ द्या." आणि घेतलेला साबण परत फळीवर.

हे 'ऱ्हाऊ द्या' ऐकून ऐकून मी वैतागले. माझा नवरा पूर्वी ठाण्याला एका उडप्याच्या हॉटेलात कामाला होता. आता तो शेती बघतो आणि दुकानाचा माल आणतो. मी त्याला म्हटलं, पानवाल्याकडे स्कॅनर आहे, केळीवाल्याकडे आहे, जव्हारच्या बाजारात जमिनीवर फडकं पसरून चार जुड्या भाजी विकणारीकडे आहे, मग आपल्याकडे का नसावा? त्याने जव्हारला जाऊन चौकशी केली आणि थोड्या दिवसांनी मोटारसायकलवरून कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर भलीमोठी बॅग. बॅगेतून त्याने काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन काढला, एक बोलणारी पेटी काढली आणि चौकोन आमच्या दाराच्या खांबाला ऐटीत टेकवून उभा केला.

"आता कुणीही फोन समोर धरायचा, की झालं," तो म्हणाला. मग त्याने स्वतःचा फोन काढला, समोर धरला, आडवा धरला, डोक्यावर धरला. "इथे रेंज नाही का?"

"हाये ना," सासू म्हणाली.

"कुठे?"

"तठं." तिने वर बोट केलं. आमच्या घरामागे एक टेकाड आहे आणि टेकाडावर एकच मोठं मोहाचं झाड. पाड्यात कुणाला फोन करायचा झाला की त्या झाडाखाली जायचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कंपनीच्या माणसाला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"अहो आजी, मला इथे हवी आहे रेंज. दुकानात."

"मग आण खाली," सासू म्हणाली. "आमच्याकडून तर नाय आली अजून."

शेवटी सगळी वरात टेकाडावर निघाली. पुढे अनवाणी सासू, मागे बुटांत घसरणारा कंपनीचा माणूस, त्याच्यामागे चौकोन घेऊन मी आणि पेटी घेऊन नवरा. झाडाखाली पोचताच पेटीवरचा दिवा हिरवा झाला. त्या माणसाला इतका आनंद झाला की त्याने तिथेच माझा चौकोनासकट फोटो काढला. दुकानाचा फोटो लागतोच, म्हणाला. मग फोनवर काहीतरी दाबत राहिला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या दुकानाचं लोकेशन हे झाड पडलंय, चालेल ना?" चालेल म्हटलं. न चालून काय करणार होतो? नवऱ्याने नायलॉनच्या दोरीने चौकोन मोहाच्या बुंध्याला बांधला, आणि पेटी पावसाने भिजू नये म्हणून तेलाचा रिकामा डबा आडवा कापून ती त्यात बसवली. डबा फांदीला टांगला. दुकान खाली आणि गल्ला झाडावर, असा आमचा नवा कारभार सुरू झाला.

पहिलं गिऱ्हाईक भिवंडीहून आलेली एक मुलगी होती. तिने बिस्किटाचा पुडा घेतला आणि आम्ही सगळे तिच्याबरोबर वर गेलो, कारण पेटी बोलते कशी ते सगळ्यांनाच ऐकायचं होतं. शेजारच्या दोघी-तिघी हातातलं काम टाकून आल्या. मुलीने फोन धरला. टिंग झालं आणि पेटीतून एका बाईचा खणखणीत आवाज आला:

"हत्तु रुपायी स्वीकरिसलागिदे."

शेजारणी एक पाऊल मागे सरकल्या.

"रागावली का ही?" सासूने विचारलं.

"हिंदी असेल," शेजारीण म्हणाली.

"हिंदी नाही," भिवंडीची मुलगी म्हणाली. "हिंदी मला येते."

नवऱ्याने तिथूनच कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला की लँग्वेज सिलेक्ट करताना चुकून दुसरी पडली असणार, काळजी करू नका, दोन दिवसांत मराठी होईल. पण ही दुसरी म्हणजे कुठली ते त्यालाही सांगता येईना. तेव्हा नवऱ्याने पेटीचा आवाज फोनमध्ये भरून ठाण्याच्या हॉटेलातल्या जुन्या सोबत्याला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. तो इतका हसत होता की आधी काय म्हणतोय तेच समजेना. मग म्हणाला, "अरे, ही तर आमची कानडी! इतके इतके रुपये मिळाले, असं म्हणतेय ती. पण ती तिथे जंगलात काय करतेय?"

दोन दिवस गेले, आठवडा गेला, कानडी काही गेली नाही.

आता अडचण अशी की पेटी टेकाडावर बोलणार आणि माल खाली पडवीतून द्यायचा. वर कुणी ऐकायला नको का? मला दुकान सोडता येत नव्हतं, नवरा शेतावर. तेव्हा सासू म्हणाली, मी बसते. सकाळी भाकर खाऊन ती वर जायची, पदराने चौकोन पुसायची आणि निवडायची नागली सुपात घेऊन मोहाच्या मुळावर बसायची. गिऱ्हाईक आधी माझ्याकडे येऊन माल सांगायचं, मी किंमत सांगायचे, मग ते वर जायचं. तिथे सासू आधी त्यालाच विचारायची, "किती?" त्याने 'दहा' म्हटलं आणि पेटीने 'हत्तु' म्हटलं की हत्तु म्हणजे दहा. त्याने 'वीस' म्हटलं आणि पेटीने 'इप्पत्तु' म्हटलं की इप्पत्तु म्हणजे वीस. तिने कधी काही लिहून घेतलं नाही. घेणार तरी कशी? पण पाऊस सरेपर्यंत तिला पेटीचं सगळं पाठ झालं होतं. वरून ती हाक द्यायची, "ऐवत्तु आले गो, दे तिला तेल!" आणि मी खालून पन्नासाचं तेल द्यायचे.

हळूहळू ते सगळ्या पाड्याच्या तोंडी बसलं. बाया दुकानात येऊन 'इप्पत्तुची सुकट दे' म्हणायला लागल्या. पोरं लगोरी खेळताना गडी मोजायची ती 'ओंदु, एरडु, मूरु' अशी. हे एक-दोन-तीन पेटीने कुठे आणि कधी म्हटले ते मला अजून उमगलेलं नाही. एकदा दुसऱ्या पाड्याचा एक म्हातारा वाटेने चालला होता. त्याने वर पाहिलं, तर मोठ्या झाडाला चौकोनी नक्षी बांधलेली, तिच्याखाली एक म्हातारी बसलेली, आणि लोक एकेक करून समोर येऊन दोन्ही हात उंच धरतायत. मग वरून न कळणारे शब्द येतायत. त्याने खालीच चपला काढल्या. सासूने त्याला चढू दिलं, नमस्कारही करू दिला, आणि मग विचारलं, "काय घेतलंस दुकानातून?"

याच सुमाराला माझ्या चुलत दिराचं प्रकरण झालं. हा माणूस वाईट नाही, पण त्याला गंमत आवरत नाही. तो पाखरांचे आवाज हुबेहूब काढतो. त्याने शीळ घातली की तितर उत्तर देतं. एके दिवशी तो दुकानात आला, पन्नासाची सुकट आणि साखर बांधून घेतली आणि टेकाडावर गेला. मी खालून बघत होते. झाडापुढे त्याने फोन उचलून धरला, मग पायात काटा मोडल्यासारखं करत झाडाच्या मागे गेला. तिथून टिंग असा आवाज आला आणि पाठोपाठ बाईचा आवाज: "ऐवत्तु रुपायी!"

हे मला नंतर कळलं, खाली काही ऐकू आलं नाही. मी पुडी हातात धरून सासूच्या हाकेची वाट पाहत होते. हाक आली नाही. सासूचं बोलणं मात्र ऐकू आलं, कारण तिचं बोलणं ऐकू न येणं अवघड आहे.

"पुढचं?"

झाडामागून पुन्हा टिंग झालं.

"पुढचं बोल की. ऐवत्तु रुपायी, आणि मग? अर्धीच बोलली आज बाय?"

"आजारी असेल," झाडामागून आवाज आला. बाईचाच आवाज, पण आमच्या पाड्याच्या मराठीत.

सासू उठली, झाडाला वळसा घालून मागे गेली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला पुढे घेऊन आली. मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. त्याला डब्यातल्या पेटीसमोर उभं केलं आणि म्हणाली, "म्हण. स्वी-क-रि-स-ला-गि-दे." तो म्हणाला, "स्वीकरलादिदे." "गि-दे," सासू म्हणाली. तोवर शेजारच्या बाया जमल्या होत्या. तितराला फसवणाऱ्या माणसाची जीभ त्या एका शब्दावर इतकी अडखळली की शेवटी तोच हसत खाली बसला. मग त्याने खरा फोन काढला, खरे पैसे भरले, आणि पेटीने वाक्य पूर्ण म्हटलं तेव्हा सासू त्याला म्हणाली, "ऐकलंस? असं म्हणायचं." आता तो गावात कुठेही भेटला की पोरं त्याला 'पुढचं बोल' म्हणतात.

दिवाळीच्या आधी कंपनीचा माणूस परत उगवला. आमच्या तक्रारीचा निकाल लावायला आलो आहे, म्हणाला. मला खरं तर तक्रार केल्याचंही विसरायला झालं होतं. तो वर गेला, फोनवर काहीबाही दाबलं, पेटी बंद करून चालू केली आणि खिशातून स्वतःचे दहा रुपये पाठवून पाहिले. पेटीतून दुसऱ्याच बाईचा नाजूक आवाज आला, "दहा रुपये प्राप्त झाले."

"ही कोण?" सासूने विचारलं.

"मराठी, आजी! तुमची भाषा."

"काय म्हणते ती?"

"दहा रुपये प्राप्त झाले."

"प्राप्त म्हंजे?"

"म्हणजे मिळाले."

"मग मिळाले म्हण ना सरळ."

"ते मी नाही ठरवत आजी, ते वरून येतं."

सासूने जरा विचार केला. भोवती नेहमीच्या बाया होत्याच. ती म्हणाली, "ती पण कळत नव्हती, ही पण कळत नाय. मग तिचं काय वाईट होतं? तिची सवय तरी झालीय. आणि हिचा आवाज बघ, उपाशी असल्यासारखा. झाडाखाली बसून तरी ऐकू यायचा का?"

"आजी, पण तुम्ही कानडी नाही ना!"

"तू तरी कुठला हायेस?" सासूने विचारलं. तो साताऱ्याकडचा निघाला. "मग तू एवढ्या लांबून येऊन अठं राहिलास, तर ती का नाय राहायची?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. एक बाई म्हणाली की खरंच, ती मागचीच बरी होती, पोरांना आकडे शिकवायची. दुसरी म्हणाली की या नव्या बाईचं 'दहा' आणि 'सहा' सारखंच ऐकू येतं. माणसाने घाम पुसला. मग त्याने पुन्हा फोन काढला. "ताई, माझ्या आजवरच्या नोकरीत मराठीची कानडी करा असं कुणी सांगितलेलं नाही," एवढंच तो म्हणाला. जाताना त्याने चहा पावडरीचा पुडा घेतला आणि वर जाऊन पैसे भरले. सासूने त्याच्याकडे न पाहता खाली हाक दिली, "इप्पत्तु! दे त्याला!"

दिवाळीच्या सुट्टीत जव्हारला पुष्कळ लोक फिरायला येतात आणि शिरपामाळावर तर गाड्यांची रांग लागते. आमच्या बचत गटाने नागलीचे पापड आणि लाडू केले होते, ते तिथे नेऊन विकायचं ठरलं. मोहावरून चौकोन सोडला, डब्यातून पेटी काढली. जीपमध्ये पापडाचे डबे टपावर गेले, लाडू पायाशी, आणि पेटी सासूच्या मांडीवर. धक्का लागेल म्हणून तिने ती दुसऱ्या कुणाच्या हातात दिलीच नाही. तिथे पोचल्यावर मात्र ती जरा हिरमुसली. शिरपामाळावर रेंज सगळीकडे होती. चौकोन आमच्या टेबलावरच उभा राहिला, पेटी त्याच्याशेजारी, आणि सासूला वर चढून बसायला काही उरलं नाही. ती टेबलामागे चटईवर बसली.

विक्री बरी चालली होती. नाशिकचे लोक होते, मुंबईचे होते. कुणी पैसे भरले, पेटी बोलली की लोक दचकून एकमेकांकडे पाहायचे, आणि टेबलामागून सासू त्यांना समजावून सांगायची, "नूरु. शंभर पोचले तुमचे." एकाने मला हळूच विचारलं की तुम्ही मूळच्या कुठल्या. मी म्हटलं, जव्हारच्या. त्याचं समाधान झालं नाही.

दुपारी एक मोठी पांढरी गाडी आली. तिच्यातून नवरा-बायको आणि दोन मुलं उतरली आणि दृश्य बघायला गेली. गाडीत मागच्या सीटवर एक म्हातारी तशीच बसून राहिली. दार उघडं होतं, पण ती उतरेना. काठाची जाड साडी, केसांत अबोलीचा गजरा, आणि चेहऱ्यावर 'मला इथे कशाला आणलंत' असं स्पष्ट लिहिलेलं. तेवढ्यात एका बाईने आमच्याकडून पापड घेतले, फोन धरला, आणि पेटीने नेहमीप्रमाणे सगळ्या माळाला ऐकू जाईल असं सांगितलं, "नूरु रुपायी स्वीकरिसलागिदे."

गाडीतली म्हातारी ताडकन सरळ झाली. एक पाय बाहेर, मग दुसरा. एका पायात चप्पल होती, दुसरी गाडीतच राहिली. ती तशीच आमच्या टेबलाकडे चालत आली आणि बोललं कोण ते शोधायला लागली. मी तरुण, माझ्या शेजारची गटाची बाई तरुण. तिची नजर फिरत फिरत टेबलामागे बसलेल्या माझ्या सासूवर येऊन थांबली. आपल्याच वयाची, आपल्यासारखीच पांढऱ्या केसांची. हीच बोलली असणार! आणि तिने जे बोलायला सुरुवात केली ते मला वाटतं कित्येक दिवसांचं साठलेलं असावं. शब्दांवर शब्द, हात इकडे, हात तिकडे, मध्येच गुडघ्याला, मध्येच गाडीकडे.

सासूने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हातारी दम घ्यायला थांबली तेव्हा सासू गंभीरपणे म्हणाली, "स्वीकरिसलागिदे."

म्हातारी पुन्हा बोलली, आता प्रश्न विचारल्यासारखं. सासू म्हणाली, "इप्पत्तु." मग जरा थांबून, "ऐवत्तु. नूरु." आणि आपल्याकडचं संपलं म्हणून हात पसरून दाखवले.

म्हातारीने पेटीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि तिला उमगलं. मला वाटलं आता बिचारीचा चेहरा पडेल. पण ती हसायला लागली. पोट धरून हसली, टेबलाचा आधार घेऊन हसली, आणि सासूही तिच्याबरोबर हसायला लागली. तोवर तिचा मुलगा धावत आला. नाशिकला नोकरीला होता, मराठी छान बोलत होता. म्हणाला, "सॉरी हं. अम्मा गावाहून आली आहे. इथे तिच्याशी बोलणारं कुणी नाही. तिला वाटलं आपलं माणूस भेटलं."

"भेटलंच की," सासू म्हणाली आणि चटईवर सरकून तिने जागा केली.

अम्मा बसली. सासूने एक पापड मोडून तिच्या हातावर ठेवला. तिने वास घेतला, तुकडा जिभेवर ठेवला, आणि एकदम ओरडली, "रागी!"

"नागली," सासू म्हणाली.

"रागी!"

"नागली!"

थोडा वेळ असं चाललं की बघणाऱ्याला भांडण वाटावं. मुलाने सांगितलं की दोन्ही एकच, त्यांच्याकडेही हेच पिकतं आणि याचाच गोळा करून खातात. सासूने भाकरी थापायची खूण करून दाखवली, अम्माने दोन हातांत गोळा वळून दाखवला. दोघींनी एकमेकींची पद्धत चुकीची आहे अशी मान हलवली. मग सासूने आपले आकडे ओळीने म्हणून दाखवले. मध्ये जे येत नव्हते तिथे ती थांबायची, अम्मा भरायची, सासू ते म्हणून बघायची. मुलं कंटाळली, सून दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेली, तरी अम्मा उठेना. शेवटी मुलाने पुष्कळ पापड घेतले आणि पैसे भरले. पेटी बोलायला लागली तशा दोघी म्हाताऱ्या तिच्याबरोबर एका सुरात बोलल्या, शेवटच्या 'गिदे' पर्यंत. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाताना अम्माने स्वतःच्या केसांतला गजरा काढून सासूच्या अंबाड्यात खोचला आणि तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. एका पायात चप्पल घालून आली होती, तशीच गाडीपर्यंत गेली.

परतीच्या जीपमध्ये बायांनी सासूला घेरलं. काय काय म्हणाली ती? सांग ना, एवढा वेळ बसली होतीस!

सासूने पदर सावरला आणि सांगायला सुरुवात केली. तिचे गुडघे दुखतात. घर तिकडे लांब आहे, दारात दोन म्हशी आहेत, त्या आता शेजारणीच्या जिवावर सोडून आली. मुलगा चांगला आहे पण त्याला वेळ नाही. नातवंडं दिवसभर फोनमध्ये. आणि सून काही करू देत नाही. चुलीशी गेलं की 'तुम्ही बसा, मी करते'. किती बसायचं माणसाने?

बाया चुकचुकल्या. मला काही राहवेना. मी म्हटलं, "आई, तुला तर आकडे आणि 'मिळाले' एवढंच येतं. हे सगळं तुला कसं कळलं?"

सासूने माझ्याकडे पाहिलं, अगदी कीव आल्यासारखं.

"बाय," ती म्हणाली, "म्हातारी सासू आणखी काय सांगणार?"